ट्यूमर बोर्ड म्हणजे काय? कर्करोगाचा उपचार अनेक डॉक्टर मिळून ठरवतात त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रुग्णालयात कर्करोगाचे रुग्ण आणि डॉक्टर यांच्यामध्ये समन्वयक म्हणून काम करते. फाइल गोळा करणं, बैठकीत मांडणं आणि ठरलेलं घरच्यांना समजावून सांगणं हा माझा रोजचा दिवस. खिडकीपाशी, फोनवर, व्हॉट्सअॅपवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत, तुमच्या रुग्णाचा निर्णय त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. ट्यूमर बोर्ड म्हणजे नेमकं काय? त्यात कोण असतं?

एकाच रुग्णाचे सगळे रिपोर्ट समोर ठेवून वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकत्र बसतात आणि उपचार ठरवतात, ती बैठक म्हणजे ट्यूमर बोर्ड. काही ठिकाणी तिला जॉइंट क्लिनिक म्हणतात. सर्जन, केमो देणारे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, रेडिएशन म्हणजे शेक देणारे डॉक्टर, गाठीचा काढलेला तुकडा (बायोप्सी) तपासणारे पॅथॉलॉजिस्ट आणि स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट, हे पाच जण लागतातच. आजारानुसार प्लास्टिक सर्जन, दंतवैद्य, आहारतज्ज्ञ, वेदनाशमन विभाग, परिचारिका आणि समाजसेवा विभागही असतो.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात याच पद्धतीने अवयवानुसार गट केलेले आहेत. स्तनाचा गट वेगळा, डोकं-मानेचा वेगळा, पोटाच्या आजारांचा वेगळा. त्यांना डिसीज मॅनेजमेंट ग्रुप म्हणतात. एकाच गटातले सर्जन आणि केमोचे डॉक्टर वर्षानुवर्षं एकच आजार एकत्र पाहतात, त्यामुळे एकमेकांची भाषा त्यांना कळते.

२. आमचे सर्जन नावाजलेले आहेत. मग इतक्यांना विचारायची काय गरज?

सर्जन कितीही निष्णात असले तरी एक गोष्ट त्यांच्या एकट्याच्या हातात नसते. ती म्हणजे उपचारांचा क्रम. कर्करोगात ऑपरेशन, केमो आणि शेक ही तीन मुख्य हत्यारं आणि त्यांपैकी कोणतं आधी उचलायचं यावर पुष्कळ अवलंबून असतं.

तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा आधी ऑपरेशन, मग गरज असेल तर शेक, असा जातो. गुदाशयाच्या वाढलेल्या गाठीला बऱ्याचदा आधी शेक आणि केमो देतात, मग ऑपरेशन. स्तनाची गाठ मोठी असेल तर आधी केमो देऊन ती लहान करतात, आणि काही बायकांचा स्तन त्यामुळे वाचतो. आधी ऑपरेशन होऊन गेलं की ही संधी परत मिळत नाही. म्हणून मी प्रत्येक घरच्यांना कळकळीने सांगते की पहिली सुरी चालण्याआधी सगळ्यांचं मत घ्या.

याला मोठा पुरावाही आहे. १९९५ च्या कॅलमन-हाइन अहवालानंतर ब्रिटनमध्ये कर्करोगासाठी अशा गटांनी काम करण्याचा आग्रह धरला गेला. ग्लासगो भागात त्याच सुमारास स्तनाच्या कर्करोगासाठी ही पद्धत सुरू झाली, आजूबाजूच्या भागांत नव्हती. १३,७२२ स्त्रियांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पद्धत येण्याआधी ग्लासगोत मृत्यूचं प्रमाण शेजारच्या भागांपेक्षा ११ टक्के जास्त होतं. ती आल्यानंतर तेच प्रमाण शेजारच्या भागांपेक्षा १८ टक्के कमी झालं.

३. बायोप्सी केली की गाठ पसरते म्हणतात. आधी गाठ काढून टाकू, मग बघू, असं का नाही करायचं?

नीट केलेल्या सुईच्या बायोप्सीने आजार पसरतो ही भीती मनातून काढून टाका. खरं नुकसान उलट बाजूने होतं.

माझ्या मावशीच्या स्तनातली गाठ एका छोट्या दवाखान्यात काढली होती. "साधी गाठ आहे" म्हणून ती तपासायला पाठवलीच नाही. एका प्लास्टिकच्या बरणीत घालून घरच्यांना दाखवली आणि फेकून दिली. आठ महिन्यांनी त्याच जागी दुसरी गाठ आली. तेव्हा बायोप्सी झाली आणि कर्करोग निघाला. पहिली गाठ केवढी होती, कडेपर्यंत पोचली होती का, तिला कोणतं औषध लागू पडलं असतं, हे कोणालाच सांगता येईना. मी या कामात आले त्याचं एक कारण ती बरणी आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. हाडाच्या किंवा स्नायूंच्या गाठीची बायोप्सी कुठून घ्यायची ते पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला विचारूनच ठरवायला हवं. कारण सुईचा मार्गही नंतर गाठीसोबत काढावा लागतो. चुकीच्या बाजूने सुई गेली तर वाचवता आला असता तो पाय वाचवणं अवघड होतं. हात-पायांवर वाढत जाणारी, खोल, पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ असेल तर जवळच्या दवाखान्यात काढून घेऊ नका.

४. बैठकीत नक्की चालतं काय?

आमच्याकडची गेल्या पावसाळ्यातली एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

बेचाळीस वर्षांचा टेम्पोचालक. खालच्या हिरडीवर जखम. सर्जनचा अंदाज होता की जबड्याचा वरचा काठ तेवढा घासून काढला तरी भागेल, हाड अखंड राहील. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी सीटीचे काप पडद्यावर खाली-वर सरकवले, एका ठिकाणी थांबल्या आणि बाणाने दाखवलं. हाडाचा पांढरा काठ तिथे तुटलेला होता आणि काळी रेघ आत उतरली होती. सर्जन खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले. मग म्हणाले, "हाड घ्यावं लागेल."

तिथून सगळंच बदललं. जबड्याच्या जागी पायाचं बारीक हाड बसवायचं ठरलं. लगेच प्लास्टिक सर्जनने विचारलं, "विडी ओढतात का? पायाच्या रक्तवाहिन्या तपासल्यात?" कारण ते हाड त्याच्या रक्तवाहिनीसकट काढायचं असतं. शेक देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशननंतर शेक लागणार हे जवळजवळ नक्की आहे, म्हणून दात आत्ताच दाखवा. त्याचं कारण प्रश्न ८ मध्ये आहे. आहारतज्ज्ञ म्हणाल्या की तीन महिन्यांत नऊ किलो वजन उतरलंय, ऑपरेशनपर्यंतचे दिवस वाया घालवू नका, आजपासून खाणं वाढवा.

शेवटी माझी पाळी आली. मी सांगितलं की गाव नव्वद किलोमीटरवर आहे, घरी बायको, दोन शाळकरी मुलं आणि एक म्हैस. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस रोज एसटीने येऊन शेक घेणं या माणसाला जमणार नाही, तो मधेच सोडेल. शेक मधेच थांबला तर त्याचा उपयोग घटतो. तेव्हा ऑपरेशनची तारीख पक्की होण्याआधीच धर्मशाळेत नाव घातलं.

सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. एवढ्या गोष्टी त्या माणसाला पाच ओपीडींतून फिरून कळायला तीन आठवडे गेले असते, आणि हाडाचं कदाचित ऑपरेशनच्या टेबलावर कळलं असतं.

५. रुग्णाला किंवा नातेवाइकांना बैठकीत बसता येतं का?

बहुतेक ठिकाणी नाही, कारण एका बैठकीत अनेक रुग्णांची चर्चा असते. पण जॉइंट क्लिनिकमध्ये रुग्णाला आत बोलावून दोन-तीन डॉक्टर एकत्र तपासतात. आत जाता आलं नाही तरी तुमचं म्हणणं आत जाऊ शकतं. बैठकीच्या आदल्या दिवशी समन्वयकाला किंवा निवासी डॉक्टरला एका कागदावर लिहून द्या: घरी कोण सांभाळणार, राहतात कुठे, काम काय करतात, रुग्णाला सगळ्यात जास्त कशाची काळजी आहे. एका शिक्षकाने फक्त एवढंच लिहिलं होतं, "मला वर्गात बोलता आलं पाहिजे." स्वरयंत्राची केस होती. त्या एका ओळीमुळे आवाज राखणाऱ्या उपचाराची शक्यता बराच वेळ चर्चिली गेली.

६. बोर्डासाठी काय काय आणायचं? पहिल्या रुग्णालयाने कागद दिले नाहीत तर?

नुसते छापील रिपोर्ट पुरत नाहीत. बायोप्सीच्या काचेच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणा. सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅनची सीडी आणा, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. आधी ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची टिपणं दोन्ही आणा. केमो झाली असेल तर कोणतं औषध, किती मात्रा, कोणत्या तारखेला हे लिहून आणा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, काढे आणि चूर्णंसुद्धा.

काढ्याबद्दल लोक लाजून बोलत नाहीत. बोला. काही वनस्पतींचा यकृतावर आणि केमोच्या औषधांवर परिणाम होतो, आणि रक्ताचा रिपोर्ट का बिघडला हे शोधण्यात डॉक्टरांचे दिवस जातात.

कागद देत नसतील तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. ब्लॉक परत मिळतो का ते देताना विचारा. तो पुढेही लागेल, कधी काही वर्षांनीसुद्धा.

७. बाहेरचा रिपोर्ट आहे, तरी स्लाइड पुन्हा का तपासतात? पैसे काढायला?

नाही. सगळा उपचार त्या एका रिपोर्टवर उभा असतो आणि कर्करोगाचे उपप्रकार बारीक असतात. स्तनाच्या कर्करोगाचं उदाहरण घ्या. हर-टू नावाची चाचणी कधी "२+" येते. याचा अर्थ होही नाही आणि नाहीही नाही. तेव्हा फिश नावाची पुढची चाचणी करावी लागते. ती न करता कोणी "नाही" धरलं तर रुग्ण एका उपयोगी औषधाला मुकतो, आणि "हो" धरलं तर महागडं औषध उगाच चढतं.

८. तोंडाचा कर्करोग आहे. दातांचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ यांच्याकडे का पाठवताय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि बऱ्याचदा जरा चिडूनच येतो. एकीकडे जिवाचं दुखणं आणि आम्ही दात मोजायला पाठवतो, असं वाटतं. पण ऐका.

शेक दिलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर किडका दात काढला तर ती जखम कधी कधी भरत नाही, हाड मरतं, आणि बरा झालेला रुग्ण वर्षानुवर्षं त्या दुखण्याने हैराण होतो. म्हणून वाईट दात शेक सुरू होण्याआधी काढून जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. ऑपरेशननंतरचा शेक सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा अशी अपेक्षा असते. जखम भरणं, टाके काढणं, मास्क (शेक घेताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवायचा साचा) बनवणं हे सगळं त्यात बसवायचं असतं. दात आधीच पाहिलेले असले तर ते ऑपरेशनच्या वेळीच काढता येतात आणि ते दोन आठवडे वाचतात.

आहाराचंही तसंच. शेकाच्या तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटतं, पाणीही झोंबतं. वजन फार उतरलं तर मास्क सैल होतो आणि शेकाचं नियोजन नव्याने करावं लागतं. नाकातून नळी घालायची वेळ येईल असं दिसत असेल तर त्याबद्दल आधी बोललेलं बरं. नळी म्हणजे शेवट असा समज आहे, पण बहुतेकांची ती काही आठवड्यांत निघते. आणि फिजिओ, गिळण्याचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट हे तोंड उघडेल इतकं राहावं म्हणून असतात. एक बोट तोंडात जात नाही अशा माणसाला भाकरी कशी खाता येईल?

९. बोर्डाची वाट पाहण्यात आठवडा जातो. तेवढ्यात आजार वाढला तर?

गाठ होणाऱ्या बहुतेक कर्करोगांत आठवडाभराने फरक पडत नाही, चुकीच्या पहिल्या उपचाराने पडतो. पण काही प्रसंगी बोर्डासाठी कोणीही थांबत नाही आणि थांबूही नये. श्वास कोंडतोय, भळाभळा रक्त जातंय, आतडं बंद होऊन पोट फुगलंय, पाठीच्या दुखण्यासोबत पायांतली ताकद जातेय किंवा लघवी तुंबलीय, केमो चालू असताना थंडी वाजून ताप आलाय, तर रात्र असली तरी थेट अपघात विभागात या. तीव्र रक्ताच्या कर्करोगातही उपचार लगेच सुरू करावे लागतात. अशा वेळी आधी जीव वाचवतात, बोर्ड नंतर.

१०. बाबांना मधुमेह आहे, हृदयात स्टेंट आहे. हे कोण पाहणार?

बोर्डासमोर जाण्याआधी हे फाइलच्या पहिल्या पानावर आलं पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ऑपरेशनआधी किती दिवस थांबवायच्या हे हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, स्टेंट बंद होऊ शकतो. लाल रंगाची केमो द्यायच्या आधी हृदयाची इको तपासणी लागते. केमोआधी हिपॅटायटिस बीची तपासणीही करतात, कारण दबलेला विषाणू उचल खाऊ शकतो.

११. मुलाचं लग्न व्हायचंय. केमोने पुढे मूल होण्यात अडचण येईल का?

येऊ शकते, औषध आणि वय यांवर अवलंबून. पहिल्या केमोच्या आधी विचारा. मुलांचे शुक्राणू गोठवून ठेवणं सोपं आणि झटपट आहे. मुलींच्या बाबतीत बीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून बोर्डाच्या दिवशीच हा विषय निघायला हवा. आई-वडिलांसमोर डॉक्टरही संकोचतात, म्हणून तुम्हीच काढा.

१२. बोर्डाने पॅलिएटिव्ह विभागात पाठवलं. म्हणजे सोडून दिलं का?

नाही. हा विभाग दुखणं, धाप, मळमळ, झोप आणि मनावरचा ताण पाहतो, आणि तो मूळ उपचारासोबत चालतो. फुफ्फुसाच्या वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही जोड मिळाली ते जास्त बरे दिवस जगले, आणि साधारण पावणेतीन महिने अधिक जगले. मॉर्फिनची भीती वाटत असेल तर तिथेच मोकळेपणी विचारा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनने माणूस सहसा व्यसनी होत नाही.

१३. आईला आजार सांगायचा नाही असं ठरलंय. बोर्डात तसं सांगाल का?

बोर्डाला एवढं मी जरूर सांगते की रुग्णाला किती माहीत आहे, म्हणजे कोणी अचानक काही बोलून जाणार नाही. पण संमती सज्ञान रुग्णाचीच असते, आणि तिला विचारल्याशिवाय तिचा स्तन किंवा जीभ काढता येत नाही. शिवाय माणसं ओळखतात. एक आजी मला म्हणाल्या, "शेजारच्या खाटेवरच्या बाईचे केस गेलेत, मला काय कळत नाही होय? पोरं रडतील म्हणून गप्प बसते." दोन्हीकडून गप्प बसलेली अशी घरं मी खूप पाहिली आहेत. डॉक्टरांना आईला विचारू द्या, "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" ती "लेकाला सांगा" म्हणाली तर तोही तिचाच निर्णय.

१४. डॉक्टरांचीच मतं वेगळी पडली तर? आणि आम्ही निर्णय नाकारू शकतो का?

मतं वेगळी पडतात, आणि ती तुमच्यापुढे ओपीडीत न पडता बैठकीत पडली तर बरंच. दोन्ही मार्ग सारखे योग्य असतील तर प्रश्न तुमच्याकडे येतो. तेव्हा दोन्हींचे फायदे-तोटे लिहून मागा. नाकारण्याचा हक्क रुग्णाला आहेच, दुसरं मत घेण्याचाही आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो नमूद आहे. कारण तेवढं सांगा. पैसे, अंतर किंवा भीती हे कारण असेल तर त्यावर बहुधा काहीतरी वाट निघते.

१५. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडे पाच डॉक्टर एकत्र कुठून येणार?

२०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड उभी राहिली. टाटा मेमोरियल सेंटर तिचं काम पाहतं आणि देशभरातली तीनशेहून अधिक रुग्णालयं व संस्था तिच्याशी जोडलेल्या आहेत. अवघड केस ऑनलाइन ट्यूमर बोर्डासमोर मांडायची सोय तिथे आहे. रुग्णाला स्वतः अर्ज करता येत नाही, तुमच्या डॉक्टरांनी मांडावी लागते. तेव्हा त्यांना सरळ विचारा, "आपलं रुग्णालय ग्रिडमध्ये आहे का?" निर्णय मोठ्या केंद्रात आणि केमो घराजवळ, अशी विभागणीही बऱ्याच वेळा करता येते.

१६. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार चाललेत. बोर्डाचा कागद लागतो का?

कर्करोगाच्या पॅकेजसाठी पूर्वमंजुरी लागते आणि तेव्हा बोर्डाचा निर्णय बऱ्याचदा मागतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला बैठकीच्या दिवशीच भेटा. नंतर उपचार बदलला तर मंजुरीही नव्याने घ्यावी लागते, हे लोक विसरतात आणि केमोच्या दिवशी अडकतात.

१७. एकदा ठरलेलं मधेच बदललं. आधीचं चुकलं होतं का?

बहुतेक वेळा नाही. केमो किंवा शेक झाल्यावर पुन्हा स्कॅन करून केस परत बोर्डात ठेवतात. गुदाशयाची गाठ शेक आणि केमोने पूर्ण विरघळली, तर काही निवडक रुग्णांचं ऑपरेशन पुढे ढकलून काटेकोर नजर ठेवता येते, आणि पोटावरची शौचाची कायमची पिशवी टळते. ऑपरेशननंतरच्या अंतिम रिपोर्टमध्ये लसिका ग्रंथींमध्ये (अवधानाच्या गाठींत) कर्करोग निघाला तर शेक वाढतो. बदल का झाला हे फाइलवर लिहिलेलं असतं, ते वाचून दाखवायला सांगा.

१८. उपचार संपले. आता सर्जन, केमो आणि शेकाचे डॉक्टर या तिघांपैकी कोणाकडे दाखवायचं?

शेवटच्या भेटीत एकच नाव लिहून घ्या, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसरा पाहतोय. पहिली दोन वर्षं भेटी जवळजवळ असतात, मग अंतर वाढतं. नवी गाठ, न भरणारी जखम, सततचं दुखणं किंवा कारण नसताना उतरणारं वजन दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. येताना जुनी फाइल आणा, भिजलेली, फाटलेली असली तरी चालेल.